कर्ज कुणाचं, तारण कशाचं? अमेरिका घडवणाऱ्या भांडवलाची गोष्ट

४ जुलै २०२६ हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा २५० वा वाढदिवस. त्या निमित्ताने स्वातंत्र्य, समता, लोकशाही हे शब्द पुष्कळ ऐकू येतात. आपल्याकडे मात्र अमेरिका बातम्यांत असते ती वेगळ्याच कारणांनी. २०२५ मध्ये तिने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावलं. अधूनमधून तिथल्या सरकारच्या कर्जमर्यादेवरून संसदेत रस्सीखेच होते आणि जगभरचे शेअरबाजार श्वास रोखून बसतात. जाहीरनाम्यातले ते थोर शब्द आणि हे पैशाचे व्यवहार यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाचणाऱ्याला वाटणं साहजिक आहे.

संबंध आहे, आणि तो पहिल्या दिवसापासूनचा आहे. नव्या अमेरिकी संसदेने केलेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक आयातशुल्काचा होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्यावर सही केली ती ४ जुलै १७८९ ला. सरकारला पैसा हवा होता, कारण डोक्यावर ब्रिटनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज होतं. ते कर्ज कुणाला फेडायचं आणि कुणाकडून वसूल करून फेडायचं, या भांडणातून तिथले राजकीय पक्ष जन्माला आले. माझ्या मते सुरुवातीची अमेरिका समजून घ्यायची सर्वांत सरळ वाट याच प्रश्नातून जाते: देणेकरी कोण, घेणेकरी कोण, आणि कायदा कुणाच्या बाजूने उभा राहिला?

## आधी दोन-तीन शब्द समजून घेऊ

व्यापार म्हणजे भांडवलशाही नव्हे. बाजारपेठा, सावकार, हुंड्या हे सगळं जगात फार जुनं आहे. भांडवलशाहीत पैसा गुंतवला जातो तो वाढून परत यावा म्हणून, आणि परत आलेला पैसा पुन्हा गुंतवला जातो. हे चक्र थांबू नये ही तिची गरज असते. असा फिरता पैसा म्हणजे भांडवल.

अनोळखी माणसाला कुणी पैसे देत नाही. त्यासाठी तारण लागतं, म्हणजे कर्ज बुडालं तर जप्त करून विकता येईल अशी वस्तू. कोणती वस्तू विकता येते, गहाण पडते आणि जप्त होते, हे निसर्ग ठरवत नाही, कायदा ठरवतो. आणि कायदा राजकारणातून येतो. तिसरा शब्द रोखा. 'अमुक रक्कम आम्ही तुम्हाला देणं लागतो' असं सरकारने लिहून दिलेला कागद, जो पुढे तिसऱ्याला विकता येतो.

सुरुवातीच्या अमेरिकेत तीन गोष्टींचं भांडवल झालं: जमीन, सरकारी वचनं आणि माणसं.

## कंपन्यांनी वसवलेला देश

व्हर्जिनियाची वसाहत राजाच्या सैन्याने वसवलेली नव्हती. १६०६ साली इंग्लंडच्या राजाने सनद दिली ती एका भागभांडवलाच्या कंपनीला. लंडनमध्ये लोकांनी तिचे शेअर घेतले आणि १६०७ साली जेम्सटाउन उभं राहिलं. सोनं सापडेल ही आशा फोल ठरली, माणसं उपासमारीने आणि रोगाने मेली. शेवटी जॉन रॉल्फ यांच्या तंबाखूने कंपनीला विकण्याजोगं काहीतरी दिलं. तंबाखू जमिनीचा कस शोषून घेतो, म्हणून सतत नवी जमीन लागते. ती आधीपासून राहणाऱ्या पॉव्हॅटन लोकांची होती. आणि मजूर लागतात. कंपनीने १६१८ साली नियम केला की, जो स्वखर्चाने एक माणूस आणेल त्याला ५० एकर जमीन मिळेल. गरीब इंग्रज तरुण जहाजाच्या भाड्यापोटी काही वर्षं बांधील राहून काम करण्याचा करार करून येऊ लागले.

१६१९ चा उन्हाळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुलैच्या अखेरीस जेम्सटाउनला निवडलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. ऑगस्टच्या अखेरीस त्याच वसाहतीत वीसहून अधिक आफ्रिकी माणसं आणली गेली आणि धान्याच्या मोबदल्यात विकली गेली. लोकशाहीची सुरुवात आणि माणसांच्या विक्रीची सुरुवात यांत पुरता महिनाभरही गेला नाही.

उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मनिष्ठ प्युरिटन लोक आले, तेही एका कंपनीची सनद घेऊनच. त्यांनी सनदच जहाजात घालून सोबत आणली. मग कंपनीच्या भागधारकांची सभा हीच वसाहतीची विधानसभा झाली. त्या सभेचं नाव 'जनरल कोर्ट'. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव आजही तेच आहे.

## जप्तीचा कायदा आणि समुद्रात गेलेला चहा

१७३२ साली ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा केला. शालेय पुस्तकांत तो सहसा येत नाही. वसाहतींमधली कर्जवसुली सोपी व्हावी हा त्याचा हेतू. इंग्लंडमध्ये पिढीजात जमिनीला बरंच संरक्षण होतं, साध्या उधारीसाठी ती सहज विकली जात नसे. वसाहतींमध्ये मात्र या कायद्याने जमीन, घरं आणि गुलाम माणसं, सगळं कर्जापोटी विकता येईल अशी सोय झाली. त्यामुळे लंडन आणि ग्लासगोचे व्यापारी निर्धास्त होऊन उधार देऊ लागले. उधारी वाढली तशी शेती पसरली, तंबाखू वाढला आणि व्हर्जिनियाचे मोठमोठे मळेवाले कर्जात बुडत गेले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक थॉमस जेफरसन यांना सासऱ्याच्या मालमत्तेबरोबर त्यांचं कर्जही मिळालं. कर्जातून ते पुढे आयुष्यभर सुटले नाहीत.

बॉस्टनच्या चहाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या बंदरात फेकल्या गेल्या. तो चहा आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा होता. कंपनी आर्थिक संकटात होती, गोदामात चहा पडून होता, आणि तिला वाचवायला पार्लमेंटने चहा थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली. त्याने चहा महागला नाही, उलट स्वस्त झाला. तरी लोक भडकले, कारण वसाहतींच्या संमतीशिवाय लावलेला कर त्यात होता, आणि एका बड्या कंपनीला मक्तेदारी मिळाल्याने स्थानिक व्यापारी उघडे पडणार होते. त्यात मुरलेले तस्कर व्यापारीही होते.

## सैनिकाच्या हातातली चिठ्ठी

आता मुख्य भाग. वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध पुकारलेलं स्वातंत्र्ययुद्ध लढायला पैसा नव्हता, म्हणून त्यांच्या संसदेने कागदी चलन छापलं. छापतच गेली. किंमत इतकी घसरली की, काडीमोल वस्तूला 'कॉन्टिनेंटलच्याही लायकीचं नाही' म्हणायची रीत पडली. कॉन्टिनेंटल म्हणजे तीच नोट. सैनिकांना आणि धान्य पुरवणाऱ्या शेतकऱ्यांना मग कर्जचिठ्ठ्या दिल्या गेल्या: पैसे पुढे कधीतरी मिळतील.

आपल्याकडे ऊस कारखान्याला घालून बिल थकलेल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. हातात वजनाची पावती आहे, पण पोरांची फी भरायची आहे. अशा वेळी कुणी येतो आणि म्हणतो, 'शंभराची पावती वीस रुपयांत दे, पुढचं मी बघतो.' तुम्ही देता. दोन वर्षांनी सरकार कारखान्याला मदत करतं आणि पावत्यांचे पूर्ण शंभर रुपये मिळतात. ते मिळतात पावती ज्याच्या हातात आहे त्याला. वर त्या मदतीसाठी बसवलेला करही तुम्हीच भरता.

कनेक्टिकटचा जोसेफ प्लंब मार्टिन १७७६ साली पंधराव्या वर्षी सैन्यात गेला आणि युद्ध संपेपर्यंत लढला. १७८३ मध्ये घरी पाठवताना पगार म्हणून हातात चिठ्ठ्या पडल्या. अंगावर धड कपडे नव्हते, म्हणून त्याने त्यांतल्या काही विकून कपडे घेतले. पुढे उत्तरेकडच्या मेन प्रांतात जाऊन त्याने जमीन कसायला घेतली. ती निघाली हेन्री नॉक्स यांच्या मालकीच्या प्रचंड पट्ट्यातली, आणि नॉक्स म्हणजे त्याच युद्धातले सेनापती, पुढे युद्धमंत्री. जमिनीची किंमत मार्टिनला चुकवता आली नाही. १८१८ साली गरीब माजी सैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू झालं, त्यासाठीच्या अर्जात त्याने आपली मालमत्ता लिहिली: दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. मार्टिनने आपली हकिगत लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळते. ज्यांनी लिहिली नाही असे हजारो होते.

## कचेऱ्या बंद पाडणारे शेतकरी

मॅसॅच्युसेट्स राज्याने आपलं कर्ज पूर्ण किमतीने फेडायचं ठरवलं आणि त्यासाठी जबर कर बसवले, तेही सोन्याचांदीच्या नाण्यांत. खेड्यांत नाणं दिसत नव्हतं. तिथले व्यवहार धान्य, लाकूड आणि उधारीच्या वहीवर चालत. कर थकला की जप्ती, कर्ज थकलं की तुरुंग.

ऑगस्ट १७८६ मध्ये नॉर्दॅम्प्टनला शेकडो शेतकरी जमले आणि त्यांनी न्यायालयाचं कामकाज होऊच दिलं नाही. युक्ती साधी होती. न्यायालय बसलं नाही तर हुकूमनामा निघणार नाही, हुकूमनामा निघाला नाही तर जप्ती होणार नाही. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी डॅनिएल शेज हे बंकर हिलच्या लढाईत लढलेले माजी अधिकारी, म्हणून हा उठाव शेजच्या नावाने ओळखला जातो. राज्याच्या तिजोरीत सैन्य उभारायला पैसा नव्हता. तेव्हा बॉस्टनच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफा डागल्या गेल्या, चार शेतकरी मेले, आणि काही आठवड्यांत उठाव मोडला.

शेतकरी मात्र सगळंच हरले नाहीत. पुढच्या निवडणुकीत मतदारांनी राज्यपाल बदलला आणि नव्या विधिमंडळाने कर हलके केले. आणि मतांच्या जोरावर कर्जदार कायदे बदलू शकतात, याचीच मालदार लोकांना धास्ती बसली. शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये तर विधानसभाच कर्जदारांच्या हातात गेली होती. तिने कागदी चलन छापलं आणि सावकारांनी ते घेतलंच पाहिजे असा कायदा केला.

## घटनेतलं एक छोटं कलम

मे ते सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधींनी बंद दाराआड राज्यघटना लिहिली. पहिल्या अनुच्छेदाचं दहावं कलम वाचून पाहावं. कोणत्याही राज्याने कागदी चलन काढू नये, सोन्याचांदीखेरीज कशानेही कर्ज फेडण्याची मुभा देऊ नये, करारातली बांधिलकी मोडेल असा कायदा करू नये. ऱ्होड आयलंडने जे केलं ते सगळं एका कलमात बंद. दुसरीकडे, जुनं राष्ट्रीय कर्ज नव्या सरकारवरही बंधनकारक राहील, असंही घटनेत लिहिलं गेलं.

घटनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसन यांनी हे लपवलं नाही. समाजात गट पडण्याचं सर्वांत सार्वत्रिक आणि टिकाऊ कारण म्हणजे मालमत्तेची असमान वाटणी, असं त्यांनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात लिहिलं. देश मोठा असेल तर कागदी चलनाची किंवा कर्जमाफीची लाट एकदम सगळीकडे पसरणार नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा भाग होता.

## मग घटना फक्त सावकारांनी सावकारांसाठी लिहिली का?

१९१३ साली इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी साधारण असंच मांडलं: रोखे बाळगणाऱ्यांनी स्वतःच्या फायद्यासाठी घटना घडवली. नंतरच्या इतिहासकारांनी एकेका प्रतिनिधीची मालमत्ता तपासली आणि हिशेब इतका सरळ जुळत नाही हे दाखवलं. रोखे नसलेल्यांनी बाजूने मत दिलं, रोखे असलेल्यांनी विरोधात दिलं. शहरातल्या अनेक कारागिरांना मजबूत सरकार हवं होतं, कारण इंग्लंडहून येणाऱ्या स्वस्त मालापासून त्यांना संरक्षण हवं होतं. परकीय हल्ल्याची भीती खरी होती.

हा आक्षेप मला पटतो. माणसं फक्त खिशाने विचार करत नाहीत. पण घटना लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं हा एक प्रश्न, आणि घटनेने कुणाचा हात बळकट केला हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर दहाव्या कलमात स्पष्ट आहे.

## हॅमिल्टन यांचा हिशेब

पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जानेवारी १७९० मध्ये कर्जाचा अहवाल संसदेपुढे ठेवला. केंद्राचं आणि राज्यांचं मिळून कर्ज पावणेआठ ते आठ कोटी डॉलरच्या घरात. त्यांचा प्रस्ताव असा: जुन्या चिठ्ठ्या पूर्ण किमतीला घ्या, बदल्यात नवे व्याजी रोखे द्या, राज्यांचं कर्जही केंद्राने अंगावर घ्या. श्रीमंत माणसांचा पैसा सरकारात गुंतला की सरकार टिकावं ही त्यांचीच गरज होईल, हे त्यामागचं धोरण.

बातमी फुटताच न्यूयॉर्कचे सटोडिये दक्षिणेकडे जलद जहाजं आणि माणसं पाठवू लागले. खेड्यापाड्यांत बातमी पोचण्याआधी चिठ्ठ्या विकत घ्यायच्या होत्या. मॅडिसन यांना हे सहन झालं नाही. आज चिठ्ठी ज्याच्याकडे आहे त्याला बाजारभाव द्या आणि उरलेली रक्कम मूळ सैनिकाला द्या, असं त्यांनी सुचवलं. प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ मतांनी पडला. हॅमिल्टन यांचं म्हणणं होतं की, कागद विकत घेणाऱ्याचा हक्क मोडला तर उद्या सरकारचा कागद कुणी घेणार नाही. आर्थिकदृष्ट्या ते बरोबर ठरलं. अमेरिकेची पत युरोपात झपाट्याने वाढली, आणि १८०३ मध्ये लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश दीड कोटी डॉलरला घेताना युरोपच्या बँकांनीच रोखे उचलले. पण मार्टिनसारख्यांचं देणं बुडालं ते बुडालंच, आणि ही पत त्यांच्या देण्यावर उभी राहिली हे विसरून चालणार नाही.

राज्यांचं कर्ज केंद्राकडे घ्यायला दक्षिणेचा विरोध होता. जेफरसन यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर तडजोड झाली: मॅडिसन यांनी विरोध सैल करायचा, बदल्यात राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीच्या काठी. वॉशिंग्टन शहर तिथे आहे याचं एक कारण हे कर्ज आहे. पुढच्या वर्षी राष्ट्रीय बँक आली तेव्हा फूट पक्की झाली. हॅमिल्टन यांच्याभोवती फेडरलिस्ट, जेफरसन आणि मॅडिसन यांच्याभोवती रिपब्लिकन (आजच्या रिपब्लिकन पक्षाहून वेगळे), असे दोन पक्ष झाले.

व्याजासाठी पैसा उभा करायला १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसला. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्याला डोंगर ओलांडून धान्य बाजारात नेणं परवडत नसे. म्हणून तो त्याची दारू काढायचा, आणि तीच त्याची रोकडही असायची. मोठ्या भट्टीवाल्याला हा कर तुलनेने हलका, छोट्याला जड. १७९४ मध्ये बंड झालं. वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० सैनिक पाठवले आणि बंड लढाईविनाच विरलं. आठ वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्सला वर्गणी काढून फौज उभारावी लागली होती, आता केंद्राकडे स्वतःची ताकद होती.

आणि तरी भांडवलाचं हे यंत्र त्याच्या चालकांनाही सोडत नव्हतं. स्वातंत्र्ययुद्धाला पैसा पुरवणारे, देशातले सर्वांत श्रीमंत गणले जाणारे रॉबर्ट मॉरिस जमिनीच्या सट्ट्यात बुडाले आणि १७९८ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात गेले. वॉशिंग्टन त्यांना भेटायला तिथे गेले आणि त्यांच्याबरोबर जेवले.

## माणूस तारण ठेवला जातो तेव्हा

१७९३ साली एलाय व्हिटनी यांनी सरकी काढायचं यंत्र तयार केलं. आखूड धाग्याच्या कापसातली चिवट सरकी हाताने काढायला दिवस जायचा, ते काम झटपट होऊ लागलं. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस कितीही दिला तरी कमीच पडत होता. १७९० मध्ये अमेरिकेत गुलाम माणसं सुमारे सात लाख होती. १८६० मध्ये जवळपास चाळीस लाख. आफ्रिकेतून माणसं आणण्यावर १८०८ मध्ये बंदी आली, पण देशातल्या देशात विक्री जोरात चालली. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून सुमारे दहा लाख माणसं खोल दक्षिणेकडे, मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाकडे नेली गेली. तिथली जमीन चेरोकी, क्रीक, चोक्टॉ या लोकांची होती. १८३० च्या कायद्याने त्यांना हाकलून दिलं. चेरोकींच्या सक्तीच्या प्रवासात सुमारे चार हजार माणसं मेली.

या सगळ्याला पैसा कुठून आला? १८२७ मध्ये लुइझियानात मळेवाल्यांनी मिळून एक बँक काढली. सभासदांनी आपली जमीन आणि आपले गुलाम बँकेकडे गहाण ठेवायचे, त्या तारणावर बँकेने रोखे काढायचे, राज्याने त्यांना हमी द्यायची, आणि ते रोखे लंडनमध्ये विकायचे. लंडनच्या गुंतवणूकदाराला मळा दिसत नव्हता, मळ्यातला माणूसही दिसत नव्हता. त्याच्या हातात व्याज देणारा कागद होता. २००५ साली जेपी मॉर्गन चेज या बँकेने जाहीर कबुली दिली की, तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुइझियानाच्या दोन बँकांनी सुमारे १३,००० माणसं तारण म्हणून स्वीकारली होती, आणि कर्ज थकल्यावर सुमारे १,२५० माणसांची मालकी त्या बँकांकडे आली होती.

तारण म्हणजे काय ते जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो या मळ्यावर दिसतं. जेफरसन ४ जुलै १८२६ ला वारले, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी. मागे एक लाख डॉलरपेक्षा जास्त कर्ज होतं. जानेवारी १८२७ मध्ये त्यांच्या मळ्यावर लिलाव झाला. जाहिरातीत १३० माणसं होती, जनावरं होती, घरातलं सामान होतं. जोसेफ फॉसेट हा तिथला लोहार. जेफरसन यांनी मृत्युपत्रात त्याला मुक्त केलं होतं. त्याची बायको ईडिथ आणि मुलं यांचं नाव मृत्युपत्रात नव्हतं, त्यामुळे ती लिलावात गेली, वेगवेगळ्या घरी. फॉसेट पुढची दहा वर्षं झटला आणि बायकोला व काही मुलांना सोडवू शकला. 'सर्व माणसं समान जन्मली आहेत' हे लिहिणाऱ्याच्या कर्जाची वसुली अशी झाली.

## पण गुलामगिरी तर भांडवलशाहीच्या कितीतरी आधीपासून होती ना?

होती. आणि मुक्त मजुरीवर चालणाऱ्या उत्तरेने अखेर गुलामगिरी संपवली, हेही खरं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की दक्षिण हा जुनाट, सरंजामी समाज होता आणि खरी भांडवलशाही उत्तरेत होती. अमेरिकेच्या एकूण वाढीत कापसाचा वाटा नेमका किती यावर अर्थतज्ज्ञांचे वाद चालू आहेत. काही आकडे फुगवलेले होते हेही दाखवलं गेलं आहे.

मला त्या विभागणीत अडचण वाटते. उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या तोंडावर अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक कापूस होता. त्याचा विमा, वाहतूक आणि उधारी न्यूयॉर्कमधून चाले. ऱ्होड आयलंडच्या गिरण्या गुलामांसाठी खास जाडंभरडं कापड विणत आणि ते दक्षिणेला विकत. जुन्या गुलामगिरीत माणसाला राबवलं जाई. इथे त्याच्या किमतीवर उचललेला पैसा समुद्रापार फिरत होता, आणि हे नवं होतं.

## गिरणीतल्या मुली

उत्तरेची कथा वेगळी, पण तीही सरळ प्रगतीची नाही. मॅसॅच्युसेट्सच्या लॉवेलमध्ये १८२० च्या दशकात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. मजूर म्हणून आणल्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली. कंपनीच्या वसतिगृहात राहायचं, घंटेवर उठायचं, बारा-तेरा तास काम करायचं. अनेकींना स्वतःच्या हातात पहिल्यांदा पैसा आला, वाचनालयं मिळाली, गावाबाहेरचं जग दिसलं. ही सुटका खरी होती आणि त्यांनी ती मनापासून जपली. १८३४ मध्ये मजुरी कापल्यावर शेकडो मुली काम सोडून रस्त्यावर आल्या. 'आम्ही स्वतंत्र माणसांच्या लेकी आहोत' हा त्यांचा दावा होता. तो संप फसला, १८३६ मध्ये पुन्हा झाला, पुढे दहा तासांच्या दिवसासाठी अर्ज गेले. मतदानाचा हक्क त्यांना नव्हताच.

## लोकशाही तर वाढलीच की

वाढली, आणि झपाट्याने. सुरुवातीला बहुतेक राज्यांत मत द्यायला मालमत्ता लागायची. पश्चिमेची नवी राज्यं आणि शहरांतले मजूर यांच्या रेट्याने १८५० च्या दशकापर्यंत जवळपास सगळ्या गोऱ्या पुरुषांना मत मिळालं. युरोपात तेव्हा बहुतेक ठिकाणी हे स्वप्नच होतं. जमीन आणि मजुरीचे दर यांमुळे साध्या गोऱ्या कुटुंबाला तिथे जी संधी मिळाली ती आयर्लंडमध्ये किंवा जर्मनीत मिळाली नसती.

पण मताची अट मालमत्तेवरून सरकली ती वंशावर आणि लिंगावर. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या स्त्रिया मत देत असत, १८०७ मध्ये ते बंद झालं. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्या पुरुषांसाठी अट काढली आणि काळ्या पुरुषांसाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली.

नव्या मतदारांचा राग अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी बँकेकडे वळवला. १८३२ मध्ये राष्ट्रीय बँकेची मुदत वाढवणारा कायदा त्यांनी नाकारला आणि स्वतःच्या शब्दांत स्पष्ट सांगितलं की श्रीमंत लोक सरकारला आपल्या स्वार्थासाठी वाकवतात. शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. हेच जॅक्सन मोठे गुलाममालक होते आणि चेरोकींना हाकलणाऱ्या कायद्यावर सही त्यांचीच. बँक गेल्यावर राज्यांतल्या छोट्या बँकांनी जमीन आणि कापूस यांवर वाटेल तशी उधारी दिली, १८३७ मध्ये सगळं कोसळलं, आणि पुढच्या काही वर्षांत आठ राज्यांनी आपल्या कर्जाचे हप्ते थकवले.

## याचा वऱ्हाडाशी संबंध

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेची बंदरं रोखली गेली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांनी मुंबईकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत शेअरचा सट्टा पेटला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव पडला, मुंबईच्या बँका बुडाल्या. ग्रामीण भागात तेजीच्या दिवसांतली उधारी तशीच राहिली. वाढीव शेतसाऱ्यासारख्या इतर कारणांची तिला जोड मिळाली आणि १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू होऊन पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. शेजच्या माणसांनी न्यायालय बंद पाडलं, आपल्या माणसांनी कागद जाळले. दोघांनाही नेमकं कळलं होतं की, त्यांना बांधणारा दोर कुठे आहे. आणि दोन वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली होती ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना.

## हिशेब कसा मिटवला गेला

एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी रद्द झाली तेव्हा भरपाई दिली गेली. माणसामागे ३०० डॉलरपर्यंत. ती मिळाली मालकांना. मुक्त झालेल्यांनी देशाबाहेर जायचं कबूल केलं तर त्यांना १०० डॉलरपर्यंत देण्याची तरतूद होती. १८६५ च्या सुरुवातीला जॉर्जिया-दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर मुक्त कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमिनी दिल्या गेल्या. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यांतल्या बहुतेक जुन्या मालकांना परत केल्या.

१८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती नागरिकत्वासाठी प्रसिद्ध आहे. तिचं चौथं कलम कर्जाविषयी आहे. राष्ट्रीय कर्जाच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित करता येणार नाही, बंडखोर राज्यांचं युद्धकर्ज कुणी फेडणार नाही, आणि गुलामांच्या मुक्तीमुळे झालेल्या नुकसानीचा कोणताही दावा बेकायदा आणि रद्द मानला जाईल. आज कर्जमर्यादेवरून भांडण पेटलं की अमेरिकी वकील या कलमाचं पहिलं वाक्य काढून वाद घालतात. मालकांचा दावा तिथे कायमचा मोडीत निघाला. अडीचशे वर्षं राबलेल्यांच्या मजुरीचा दावा त्या कलमात कुठेच नाही, मान्यही नाही आणि रद्दही नाही, आणि तो आजही अमेरिकेच्या संसदेत विधेयकांच्या रूपाने येत राहतो.